तापमानाच्या नोंदी घेणारा प्रोग्राम : इनपुट, रूपांतर आणि चुका यांचे एक प्रकरण

या प्रकरणातला प्रोग्राम जेमतेम वीस-पंचवीस ओळींचा आहे. वापरणाऱ्याने हवेच्या तापमानाच्या नोंदी अंश सेल्सियसमध्ये एकेक करून टाइप करायच्या आणि प्रोग्रामने शेवटी सरासरी, सर्वाधिक आणि सर्वात कमी तापमान दाखवायचे, एवढेच त्याचे काम. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्या एका विद्यार्थिनीने तो लिहिला होता. काम साधे असले तरी त्याच्या एकामागून एक बदलत गेलेल्या आवृत्त्यांमध्ये, इनपुट हाताळताना नवशिके ज्या ज्या ठिकाणी अडखळतात ती जवळजवळ सगळी ठिकाणे सापडतात. म्हणून त्या आवृत्त्या क्रमाने पाहणे उपयोगाचे आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे आणि तो आधीच सांगून टाकतो : बाहेरून आलेल्या मजकुराचे संख्येत रूपांतर प्रोग्रामच्या दारातच, एकाच ठिकाणी व्हावे, आणि तिथे ज्या चुकीची अपेक्षा आहे तेवढीच चूक पकडली जावी.

पहिली आवृत्ती : चूक दोन ठिकाणी, आरडाओरडा एकाच ठिकाणी

पहिल्या आवृत्तीत प्रोग्राम आधी किती नोंदी आहेत ते विचारत असे, मग तितक्या वेळा लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) फिरवून प्रत्येक नोंद इनपुट या फंक्शनने वाचून लिस्टमध्ये, म्हणजे यादीत, टाकत असे. नोंदींच्या संख्येला तिने इंट (मजकुराचा पूर्णांक करणारे फंक्शन) लावले होते, कारण त्याशिवाय लूपच्या फेऱ्या ठरवणारे रेंज चालतच नाही. नोंदींना मात्र काहीच लावले नव्हते. पायथनच्या तिसऱ्या पिढीत इनपुट फंक्शन नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे चिन्हांची माळच, परत देते. वापरणाऱ्याने कीबोर्डवर अंक दाबले असले तरी प्रोग्रामच्या हाती अंकांची चिन्हे येतात, संख्या येत नाही.

तीन नोंदी दिल्या : ९.५, १०.२ आणि ८.७. पडद्यावर आधी ‘सर्वाधिक तापमान ९.५’ अशी ओळ आली आणि तिच्या खाली, सरासरीच्या जागी, लांबलचक ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठे झाली ते दाखवणारा पायथनचा अहवाल, आला. पूर्णांक आणि स्ट्रिंग यांची बेरीज करता येत नाही, अशा अर्थाचा तो टाइपएरर होता. विद्यार्थिनीचे सगळे लक्ष साहजिकच त्या ट्रेसबॅककडे गेले. त्याच्या वरची ओळ साफ चुकीची आहे, ९.५ पेक्षा १०.२ मोठे आहे, हे तिच्या नजरेतून निसटले. स्ट्रिंगची तुलना शब्दकोशातल्या शब्दांसारखी पहिल्या अक्षरापासून होते; ‘९’ हे चिन्ह ‘१’ या चिन्हानंतर येते, म्हणून पुढे काहीही असले तरी ९.५ मोठे ठरते. पायथनच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही, त्यामुळे तक्रारही नाही.

तिने पहिली दुरुस्ती जिथे आरडाओरडा झाला तिथेच केली. बेरीज करताना लिस्टमधल्या प्रत्येक घटकाला फ्लोट (मजकुराची दशांश संख्या करणारे फंक्शन) लावले. ट्रेसबॅक गेला, सरासरी बरोबर आली आणि सर्वाधिक तापमान पूर्वीइतकेच चुकीचे राहिले. रूपांतर कुठे करायचे हा प्रश्न इथे पहिल्यांदा समोर येतो. जिथे गरज पडेल तिथे फ्लोट लावत गेलो, तर गरज कुठे पडली हे सांगण्याचे काम आपण एररवर सोपवलेले असते. आणि जिथे स्ट्रिंगचेही काहीतरी उत्तर निघू शकते तिथे एरर येतच नाही. तुलना हे त्याचे एक उदाहरण झाले. गुणाकार हे दुसरे : स्ट्रिंग ‘५’ ला ३ ने गुणले की १५ मिळत नाही, ‘५५५’ मिळते, तेही बिनतक्रार. म्हणून फ्लोट लिस्टमध्ये भरण्याआधीच, म्हणजे इनपुटच्या लगेच पुढे लावायला सांगितले. त्यानंतर लिस्टमध्ये फक्त संख्याच असणार हे पुढच्या सर्व ओळींना गृहीत धरता आले आणि सर्वाधिक व सर्वात कमी या दोन्ही ओळी आपोआप सुधारल्या.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो. जुन्या पाठांमध्ये कधीकधी इनपुट थेट संख्या देते असे दिसते. ते पायथनच्या दुसऱ्या पिढीचे वर्तन होते : तिथे इनपुट हे फंक्शन टाइप केलेला मजकूर पायथनचा कोड समजून चालवत असे आणि साधी स्ट्रिंग हवी असल्यास रॉ-इनपुट वापरावे लागे. २००८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत हे बदलले. त्या जुन्या वर्तनाची आठवण काढून कोणी इनपुटभोवती इव्हॅल (मजकूर पायथनचा कोड म्हणून चालवणारे फंक्शन) गुंडाळायचा सल्ला देते, कारण त्याने पूर्णांक आणि दशांश दोन्ही ‘आपोआप’ होतात. हा सल्ला ऐकू नये. इव्हॅल लावले की वापरणारा संख्येच्या जागी कोणतीही पायथन-अभिव्यक्ती टाइप करू शकतो आणि ती तुमच्या प्रोग्रामच्या अधिकारात चालते.

दहाव्या नोंदीला कोसळणे

रूपांतर दारात आणल्यावर चुकाही दारातच दिसू लागल्या, ही प्रगतीच म्हणायची. पण त्या हाताळलेल्या नव्हत्या. वापरणाऱ्याने दहा नोंदींपैकी नऊ नीट दिल्या आणि दहावी २१,५ अशी स्वल्पविराम घालून दिली. प्रोग्राम तिथेच थांबला आणि आधीच्या नऊ नोंदीही गेल्या.

ट्रेसबॅक पाहून नवशिके घाबरतात आणि तो वाचतच नाहीत. त्याची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावली की निम्मे काम होते. इथे ती ओळ व्हॅल्यूएरर या नावाने सुरू होते, स्ट्रिंगचे फ्लोटमध्ये रूपांतर करता आले नाही असे सांगते आणि शेवटी जो मजकूर आला तो अवतरणचिन्हांत दाखवते. ही अवतरणचिन्हे फार कामाची आहेत. त्यांच्या आत काहीच नसेल, तर वापरणाऱ्याने नुसते एंटर दाबले. २१ नंतर अंशाचे चिन्ह दिसत असेल, तर त्याने एकक लिहिले. आधी येऊन गेलेला टाइपएरर आणि हा व्हॅल्यूएरर यांतला फरकही इथेच समजावून देता येतो : टाइपएरर म्हणजे दिलेली वस्तू त्या कामाच्या जातीचीच नाही, आणि व्हॅल्यूएरर म्हणजे जात बरोबर आहे, पण हे विशिष्ट मूल्य चालत नाही. फ्लोटला स्ट्रिंग चालते. ‘२१,५’ ही स्ट्रिंग चालत नाही. वापरणाऱ्याच्या चुकीतून येतो तो व्हॅल्यूएरर. दारावर टाइपएरर आला, तर बहुतेक वेळा चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याचीच असते. हा भेद पुढे निर्णायक ठरणार आहे.

आधी तपासून पाहण्याचा प्रयत्न

विद्यार्थिनीची पुढची कल्पना स्वाभाविक होती : रूपांतर करण्याआधी मजकूर अंकांचा आहे की नाही ते तपासावे. सगळी चिन्हे अंकच आहेत का ते सांगणारी स्ट्रिंगची इजडिजिट ही मेथड तिने वापरली. उत्तर होकारार्थी आले तर फ्लोट लावायचे, नाहीतर पुन्हा विचारायचे. पहिल्याच तपासणीत २१.५ नाकारले गेले, कारण बिंदू हा अंक नव्हे. तिने तपासण्यापुरता बिंदू काढून टाकला. मग उणे ३ नाकारले गेले. तापमानात उणे संख्या हमखास येणार. तिने सुरुवातीची उणे चिन्हे काढून टाकली. आता १.२.३ हे मूल्य तपासणीतून सहीसलामत सुटले, कारण सगळे बिंदू काढल्यावर १२३ उरते, आणि फ्लोटने ते नाकारून प्रोग्राम पुन्हा कोसळवला. दोन उणे चिन्हे लावलेले ५ देखील तसेच सुटले.

या मार्गाला अंत नाही. प्रत्येक दुरुस्तीने तपासणी गुंतागुंतीची होते आणि तरीही ती फ्लोटच्या स्वतःच्या नियमांशी तंतोतंत जुळत नाही. वर्गाचे चिन्ह म्हणून लिहिला जाणारा छोटा वरचा २ इजडिजिटच्या मते अंक आहे, पण इंट आणि फ्लोट दोघेही तो नाकारतात. उलट १ई३ हा मजकूर, मधले अक्षर रोमन लिपीतले असेल तर, फ्लोटला एक हजार म्हणून मान्य असतो आणि इजडिजिटला नसतो. एखाद्या मजकुराचे रूपांतर होऊ शकते की नाही, याचे अंतिम उत्तर रूपांतर करणाऱ्या फंक्शनकडेच असते. त्यालाच विचारावे आणि त्याने नकार दिला तर तो नकार ऐकून घ्यावा. ट्राय आणि एक्सेप्ट यांची जोडी नेमकी यासाठीच आहे : ट्रायमधल्या ओळी चालवून पाहायच्या आणि एरर उठला तर एक्सेप्टमधल्या ओळी चालवायच्या.

सगळे गिळणारा एक्सेप्ट

ट्राय-एक्सेप्ट शिकल्यावर तिने लिहिलेली आवृत्ती मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वात बोधप्रद वाटते, कारण दिसायला ती सर्वात सुरक्षित होती. कायम चालणारा एक लूप, त्यात ट्राय, ट्रायच्या आत इनपुट, फ्लोट, नोंद लिस्टमध्ये घालणे आणि लूपमधून बाहेर पडणे, खाली नुसता एक्सेप्ट, कोणत्याही एररचे नाव न घेता, आणि त्यात एक ओळ : ‘हा आकडा नाही, पुन्हा द्या.’ ती चाललीही. शब्द दिले, रिकामे एंटर दाबले, स्वल्पविराम घातला, सगळ्यांना शांतपणे तोच निरोप मिळाला.

नंतर तिने लिस्टचे नाव बदलले. ‘तापमान’ होते ते ‘नोंदी’ केले, आणि ट्रायच्या आतली एक जागा बदलायची राहून गेली. प्रोग्राम रन केल्यावर पडद्यावर घडले ते असे :

नोंद द्या : २१
हा आकडा नाही, पुन्हा द्या.
नोंद द्या : २१.०
हा आकडा नाही, पुन्हा द्या.
नोंद द्या : ५
हा आकडा नाही, पुन्हा द्या.

कंटाळून तिने कंट्रोल आणि सी दाबून प्रोग्राम थांबवायचा प्रयत्न केला. उत्तर आले : ‘हा आकडा नाही, पुन्हा द्या.’ शेवटी खिडकीच बंद करावी लागली.

इथे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. २१ चे फ्लोट व्यवस्थित झाले होते. त्यापुढच्या ओळीत अस्तित्वात नसलेल्या नावाची लिस्ट आली आणि नेमएरर उठला. एक्सेप्टला कोणत्या एररसाठी आहेस हे सांगितलेच नव्हते, म्हणून त्याने तोही पकडला आणि दोष वापरणाऱ्याच्या माथी मारला. पायथनच्या ३.१० पासूनच्या आवृत्त्या नेमएरर दाखवताना जवळपासचे नाव सापडल्यास ‘तुम्हाला हे म्हणायचे होते का’ असेही सुचवतात. पण ट्रेसबॅक पडद्यावर पोचलाच नाही, तर ती मदत कुठून मिळणार? कंट्रोल-सीचेही तसेच. त्या किल्ल्या दाबल्या की कीबोर्ड-इंटरप्ट नावाचे एक्सेप्शन उठते. पायथनने ते मुद्दाम नेहमीच्या एररच्या घराण्याबाहेर ठेवले आहे : त्याची वंशावळ एक्सेप्शन या वर्गातून न जाता थेट बेसएक्सेप्शनला मिळते. एक्सेप्ट-एक्सेप्शन असे लिहिले असते तर ते सुटले असते. नुसता एक्सेप्ट मात्र बेसएक्सेप्शनपर्यंतचे सगळे अडवतो.

याच आवृत्तीला नोंदी फाइलमधून पुरवल्या असत्या, तर आणखी वाईट झाले असते. फाइल संपल्यावर इनपुट ईओएफएरर उठवते, नुसता एक्सेप्ट तो पकडतो, लूप पुन्हा इनपुटकडे जातो, फाइल अजूनही संपलेलीच असते. आणि पडदा त्याच त्या एका वाक्याने अखंड भरत राहतो.

दुरुस्ती दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर हे नाव लिहायचे, हा पहिला. ट्रायच्या आत फक्त रूपांतराची ओळ ठेवायची, हा दुसरा, आणि तो बहुतेक वेळा राहून जातो. नाव लिहूनही ट्रायमध्ये दहा ओळी कोंबल्या, तर त्यांपैकी दुसऱ्याच एखाद्या ओळीतून उठलेला व्हॅल्यूएरर वापरणाऱ्याचा समजला जाईल; लिस्टमध्ये नसलेली वस्तू काढायला गेलो, तरी व्हॅल्यूएररच येतो. रूपांतर यशस्वी झाल्यावर करायच्या गोष्टी ट्रायला जोडून येणाऱ्या एल्समध्ये ठेवता येतात किंवा त्याच्या खाली लिहिता येतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या चुकांनी कोसळणारा प्रोग्राम मला पसंत आहे. तो कुठे दुखते ते सांगतो.

पुन्हा विचारणारे फंक्शन आणि हरवलेले उत्तर

यानंतर तिने नोंद वाचण्याचे काम वेगळ्या फंक्शनमध्ये नेले, हे उत्तमच झाले. लूप मात्र काढून टाकला आणि त्याऐवजी एक्सेप्टमध्ये त्याच फंक्शनला पुन्हा बोलावले. रूपांतर जमले तर संख्या रिटर्न करायची. नाही जमले तर निरोप दाखवून फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची. वाचायला सुटसुटीत, आणि सरळ इनपुट देऊन तपासले तर निर्दोष.

बिघाड फक्त एकाच परिस्थितीत दिसत असे : वापरणाऱ्याने आधी चूक करून मग बरोबर उत्तर दिले तर. तेव्हाही प्रोग्राम लगेच कोसळत नसे. सगळ्या नोंदी घेऊन झाल्यावर, सर्वाधिक किंवा सरासरी काढताना, संख्येबरोबर नन-टाइप (‘काहीच नाही’ या अर्थाच्या नन या मूल्याची जात) जुळत नाही अशी टाइपएररची तक्रार येई. चूक जिथे उगवली ती ओळ आणि तक्रार जिथे झाली ती ओळ यांत बरेच अंतर होते. नोंदींची लिस्ट प्रिंट करून पाहिल्यावर उलगडा झाला : मधल्या एका जागी संख्येऐवजी नन बसलेले होते.

कारण असे की दुसऱ्या फेरीतल्या फंक्शनने बरोबर संख्या परत दिली, पण ती पहिल्या फेरीकडे परत दिली. पहिल्या फेरीने ती घेऊन पुढे सोपवलीच नाही. एक्सेप्टमधल्या हाकेपुढे रिटर्न हा शब्द नव्हता, आणि रिटर्नशिवाय संपणारे फंक्शन पायथनमध्ये नन देते. रिटर्न लिहिले की हे सुटते. तरीही लूपच बरा असे मी सुचवले. पायथनमध्ये अशा एकात एक हाकांची मर्यादा ठरलेली असते, सहसा १०००. कोणी एंटरची किल्ली दाबूनच धरली, तर ती मर्यादा ओलांडून रिकर्शनएरर येऊ शकतो. ‘बरोबर उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा’ हे मुळात पुनरावृत्तीचे काम आहे आणि कायम चालणारा व्हाइल-ट्रू लूप ते जसेच्या तसे सांगतो.

रूपांतर झाले म्हणजे मूल्य योग्य झाले असे नाही

फ्लोट हे फंक्शन समजूतदार आहे, आणि काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त. आजूबाजूच्या मोकळ्या जागा ते स्वतःच झाडून टाकते. देवनागरी अंकांत लिहिलेले २१.५ ते तितक्याच सहजपणे स्वीकारते. मराठी कीबोर्ड चालू राहिल्याची काळजी त्यामुळे करावी लागत नाही. ३.६ आवृत्तीपासून अंकांच्या मध्ये अंडरस्कोर (_) ही चालतो, म्हणजे २ आणि १ यांच्यामध्ये चुकून अंडरस्कोर पडला तर ते २१ धरले जाते. उलट, एखाद्या छापील तक्त्यातून कॉपी केलेले उणे चिन्ह दिसायला उणे असूनही कीबोर्डवरच्या हायफनपेक्षा वेगळे अक्षर असू शकते, आणि ते फ्लोट नाकारते. वापरणाऱ्याला दोन्ही चिन्हे सारखीच दिसत असल्याने हा नकार त्याला अनाकलनीय वाटतो.

खरी अडचण नॅन आणि इन्फ या दोन मजकुरांची आहे. रोमन अक्षरांत हे शब्द टाइप केले, तर फ्लोट त्यांना अनुक्रमे ‘संख्या नव्हे’ आणि ‘अनंत’ अशी विशेष मूल्ये समजून स्वीकारते. एरर येत नाही. आता मर्यादेची तपासणी कशी लिहिली आहे यावर सगळे अवलंबून राहते. विद्यार्थिनीने लिहिले होते : नोंद किमान मर्यादेपेक्षा लहान असेल किंवा कमाल मर्यादेपेक्षा मोठी असेल, तर नाकारा. नॅनची कोणत्याही संख्येशी लहान-मोठेपणाची तुलना खोटीच ठरते. ते किमानपेक्षा लहान नाही, कमालपेक्षा मोठेही नाही, म्हणून ते आत शिरते. आत शिरल्यावर सरासरी नॅन होते, आणि सर्वाधिक काढणाऱ्या मॅक्सचे उत्तर नॅन लिस्टमध्ये कुठे आहे यावर बदलते : पहिल्या जागी असेल तर उत्तर नॅन, नंतर असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष. तपासणी उलट मांडली की प्रश्न मिटतो : नोंद किमान आणि कमाल यांच्या दरम्यान असेल तरच स्वीकारा, नसेल तर नाकारा. ‘दरम्यान आहे’ हेही नॅनसाठी खोटेच ठरते, त्यामुळे नकार मिळतो. काय नको याची यादी करण्यापेक्षा काय हवे ते सांगणे श्रेयस्कर, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

मर्यादा कोणत्या ठेवायच्या हा प्रोग्रामिंगचा प्रश्न नसून विषयाचा आहे. उणे २७३.१५ अंश सेल्सियसखाली तापमान असूच शकत नाही, पण हवेच्या नोंदींसाठी ती मर्यादा फारच सैल होते. अंटार्क्टिकातील व्होस्टोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश मोजले गेले, आणि कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदलेले ५६.७ अंश हा अधिकृत उच्चांक मानला जातो. त्या आधारे उणे ९० ते ६० हा पल्ला ठरवला. कोणी २१५ टाइप केले, म्हणजे २१.५ मधला बिंदू राहिला, तर ते आता अडते.

नोंदींची संख्या आधी विचारण्याचा भाग आम्ही काढूनच टाकला. तिथे शून्य दिले की सरासरी काढताना शून्याने भागाकार होई; उणे संख्या दिली की लूप एकदाही फिरत नसे आणि पुन्हा तोच भागाकार; १०.० दिले की इंट ते नाकारी, कारण इंट दशांशाची स्ट्रिंग घेत नाही, जरी फ्लोट संख्या घेऊन तिचा अपूर्णांक गुपचूप छाटत असले तरी. इतके सांभाळण्यापेक्षा वापरणाऱ्याने रिकामे एंटर दाबेपर्यंत नोंदी घेत राहणे सोपे. रिकामी ओळ म्हणजे ‘संपले’ असा अर्थ ठरल्यामुळे ती फ्लोटकडे जाण्याआधी तपासावी लागते, आणि एकही नोंद नसताना सरासरी न काढता तसे सांगावे लागते.

शेवटची मांडणी

अखेरीस दोन फंक्शन उरली. पहिले फक्त मजकूर घेते, त्याचे रूपांतर करते, मर्यादा तपासते आणि संख्या देते. काही बिनसले तर स्वतःच व्हॅल्यूएरर उठवते आणि त्यात वापरणाऱ्याला कळेल असे वाक्य घालते. कीबोर्ड आणि पडदा यांच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरे फंक्शन लूपमध्ये विचारते, मिळालेला मजकूर पहिल्याकडे देते, व्हॅल्यूएरर आला तर त्यातले वाक्य दाखवून पुन्हा विचारते. या विभागणीचा फायदा तपासणीत दिसतो : पहिल्या फंक्शनला रिकामी स्ट्रिंग, मोकळ्या जागा, उणे शून्य, दोन बिंदू, नॅन, एकक जोडलेले मूल्य, देवनागरी अंक अशी यादी एका दमात देता येते आणि प्रत्येक वेळी कीबोर्डवर बसावे लागत नाही.

निरोपाच्या शब्दांवर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. ‘अवैध इनपुट’ या निरोपाने वापरणाऱ्याला काही कळत नाही. आलेला मजकूर जसाच्या तसा अवतरणांत दाखवणे, काय अपेक्षित होते ते सांगणे आणि एक नमुना देणे, एवढे पुरते : “‘२१,५’ ही संख्या समजली नाही. दशांशासाठी बिंदू वापरा, जसे २१.५.” रूपांतर न होणे आणि मर्यादेबाहेर असणे यांचे निरोप वेगळे हवेत; ९९ टाइप करणाऱ्याला ‘हा आकडा नाही’ असे सांगणे खोटे आहे.

स्वल्पविरामाचा बिंदू प्रोग्रामनेच करून का घेऊ नये, असे तिने विचारले. या प्रोग्रामपुरते ते चालले असते, कारण हवेचे तापमान हजारांत जात नाही. पण हेच फंक्शन दुसऱ्या कामाला नेले, तर १,००० चे १ होईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. अंदाज बांधण्यापेक्षा विचारणे बरे, म्हणून नकारच ठेवला.

भाषा बदलली की हे तपशील बदलतात. सी भाषेतले एटॉय हे फंक्शन न समजणाऱ्या मजकुराचे शून्य करते, आणि ते खरे शून्य होते की नकार होता हे कळायला मार्ग नसतो. जावास्क्रिप्टमधले पार्सइंट सुरुवातीचे अंक घेऊन उरलेला मजकूर सोडून देते. जावातल्या स्कॅनरला पूर्णांक मागितला आणि शब्द आला, तर एक्सेप्शन येते, पण तो शब्द रांगेतच राहतो. तो वाचून बाजूला केला नाही तर लूप त्याच शब्दावर अडकून फिरत राहतो. सीच्या स्कॅनएफचेही तेच. पायथन पूर्ण ओळ आधी उचलते आणि रूपांतर नंतर होते, त्यामुळे नवशिक्यांची या एका सापळ्यातून सुटका होते.

ईओएफएररसाठी वेगळा, स्वतःच्या नावाचा एक्सेप्ट जोडला : इनपुट संपले तर तोवर आलेल्या नोंदींवर हिशेब करून थांबायचे. कीबोर्ड-इंटरप्टला हात लावला नाही.

एवढे सगळे झाल्यावरही २१ ऐवजी १२ टाइप झाले, तर कोणतेही रूपांतर आणि कोणतीही मर्यादा ते पकडू शकत नाही. दोन्ही खऱ्या संख्या आहेत आणि दोन्ही पल्ल्यात बसतात. त्यासाठी विद्यार्थिनीने स्वतःहून एक भर घातली : हिशेबाआधी सर्व नोंदी क्रमांकासह दाखवायच्या आणि बदलायची असल्यास कोणत्या क्रमांकाची ते विचारायचे. हा क्रमांक पूर्णांक हवा आणि तो एक ते नोंदींच्या संख्येपर्यंतच हवा, म्हणून तिने पहिल्या फंक्शनला रूपांतर करणारे फंक्शन आणि दोन मर्यादा बाहेरून द्यायची सोय केली. नोंदींसाठी ती फ्लोट, उणे ९० आणि ६० देते. क्रमांकासाठी इंट, १ आणि लिस्टची लांबी.